ताफा जाईपर्यंत

"दादा म्हणालीस ना, तिथंच बिघडलं," शेवाळे काका म्हणाले.

रिक्षावाला सिग्नल तोडून माझ्या अंगाला घासून गेला होता, जाता जाता हसलाही होता, आणि मी अजून हात आडवा धरून उभी होते. बाळंतपणाची रजा संपवून वाहतूक शाखेत आल्याला मला सतरा दिवस झाले होते. त्याआधीची दोन वर्षं मुख्यालयात टपाल नोंदवण्यात गेलेली. चौकात उभं राहणं म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं.

"मग काय म्हणू?"

"ए. नुसतं ए. पण पोटातून काढायचं. दादा म्हटलंस की तू बहीण झालीस. बहिणीचं रस्त्यावर कोण ऐकतं?"

शेवाळे काका हवालदार होते, निवृत्तीला चार वर्षं उरलेले. त्यांनी टोपी काढून आतला घाम पुसला आणि मला तिथंच, दुभाजकावर उभं राहून धडा दिला.

"आधी गाडी बघायची, मग तोंड उघडायचं. रिक्षा, टेम्पो आला की ए. मोटरसायकलवर पोरगं असलं की काय रे हिरो. आणि पांढरी मोठी गाडी, काळ्या काचा असल्या की सर, जरा बाजूला घेता का. आत कोण बसलंय देवाला माहीत. संध्याकाळी बदलीचा कागद हातात पडायचा."

"आणि परराज्यातली असली तर?"

"तिला हिंदी. आपली हिंदी कशी का असेना. मराठीत बोललं की माणूस गयावया करतो, कुणाचा तरी पाहुणा निघतो, गाववाला निघतो. हिंदीत बोललं की तो परका आणि आपण सरकार."

ते वाईट नव्हते, हे आधीच सांगायला हवं. माझी मुलगी आता दुसरीत आहे. तेव्हा सात महिन्यांची होती आणि अंगावर पीत होती. दर तीन तासांनी छाती दगडासारखी व्हायची. शेवाळे काका घड्याळ बघून म्हणायचे, "माळी, जा, चहा पिऊन ये." मग चौकीच्या दाराबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि मी दूध काढून बाहेर येईपर्यंत कुणाला आत सोडायचे नाहीत. माझ्या हातात चहाचा कप कधी नसायचा, आणि त्यांनी तो कधी विचारला नाही.

माझं गाव जत तालुक्याच्या पार पूर्वेला. वेशीबाहेरचा ओढा ओलांडला की कर्नाटक. घरात, शेतात, देवळात सगळी कानडी. मराठी शाळेत भेटायची आणि शाळा सुटली की तिथंच राहायची. पोलीस प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात मी "माझा पाणी सांडला" म्हणाले आणि अख्खी बराक हसली. पुढचे नऊ महिने मला कोणी ललिता म्हणून हाक मारली नाही. "ए कानडी, बादली आण." तिथून बाहेर पडताना मी ठरवलं, हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. मराठी घासूनपुसून लख्ख केली. आडनाव माळी, त्यामुळे कुठली म्हणून कोणी विचारत नसे. विचारलंच तर सांगलीकडची म्हणायचे. ते खोटंही नव्हतं.

लेकीला सांभाळायला माझी यव्वा, म्हणजे आई, पोलीस लाइनीतल्या खोलीत येऊन राहिली होती. नवरा एसटीत कंडक्टर, आठवड्यातले चार दिवस मुक्कामी. यव्वाला मराठीतलं ओ की ठो येत नव्हतं. मी तिला सांगून ठेवलं होतं, बोलताना खिडकी लावून घेत जा.

"लेकराशी बोलायला खिडकी कशाला लावायची?" तिनं विचारलं होतं.

पण लावत होती. भर एप्रिलात.

त्या दिवशी साडेबाराच्या सुमाराला वायरलेसवर निरोप आला. कुणा मंत्र्यांचा ताफा आमच्या चौकातून जाणार होता, पंचवीस मिनिटांत रस्ता मोकळा हवा होता. शेवाळे काकांनी शिट्टी तोंडात धरली, मी पलीकडची बाजू धरली. नेमक्या त्याच वेळी मालगाड्यांना बंदी असलेल्या रस्त्यानं एक पिकअप चौकात शिरली. मागं निळी ताडपत्री, दोरीनं करकचून बांधलेली. नंबर केए अठ्ठावीस.

केए अठ्ठावीस म्हणजे विजापूर. या नंबरच्या गाड्या बघतच मी लहानाची मोठी झाले होते.

"ए. रोक. साइड में ले."

या वेळी आवाज पोटातून आला. पिकअप कचकन थांबली, रस्त्याच्या कडेला आली. रस्त्यापलीकडून शेवाळे काकांनी मला अंगठा वर करून शाबासकी दिली आणि मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की काय सांगू.

त्यांनी धावत येऊन ड्रायव्हरचं लायसन घेतलं, नजर टाकून शर्टाच्या खिशात घातलं.

"चावी काढून घे. मशीनवर पावती करायला आत्ता वेळ नाही. ताफा जाईपर्यंत उभी कर इथंच." दोन पावलं गेले आणि परत वळले. "आणि ऐक, भरलेल्या गाडीची ताडपत्री कुणाला उघडू द्यायची नाही. ताफ्याच्या वाटेवर आहे. वरून कोणी विचारलं तर आपली मान."

चावी माझ्या मुठीत आली. ड्रायव्हर खाली उतरला. पन्नाशी ओलांडलेला, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली. लायसनवरचं नाव मी ओझरतं वाचलं होतं. मलकप्पा, गाव चडचण. चडचणच्या बाजारात अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मला पहिली चप्पल घेऊन दिली होती.

"मॅडम, बोर्ड नै देखा. गलती हुआ," तो म्हणाला.

"खडा रह उधर."

"मॅडम, वो झाड... गाडी उधर लेता. धूप..."

"बोला ना, खडा रह."

पलीकडच्या कडेला कडुलिंब होता. गाडी तिथं घ्यायला रस्ता ओलांडावा लागला असता. अजून बंद झाला नव्हता, दोन मिनिटांचं काम होतं. पण शेवाळे काका म्हणाले होते, इथंच.

मलकप्पाची हिंदी तेवढीच होती. ती संपली. मग माणूस एकटा असला की बोलतो तसा तो कानडीत बोलायला लागला, मला नाही, ताडपत्रीला. आत पिल्लं आहेत, एका दिवसाची. हजार पिल्लं. रात्रीच निघायचं होतं, वाटेत गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि दिवस उजाडला. गाडी पळत असली की वारा लागतो, उभी राहिली की गुदमरतात. शेड नवीन बांधलंय, ही पहिलीच खेप. देवा, कुणाला सांगू, कुठल्या तोंडानं सांगू.

मला शब्द न् शब्द कळत होता. मी रस्त्याकडे बघत राहिले.

"माळी, काय कटकट करतोय तो?" सिग्नलपाशी उभ्या शेवाळे काकांनी ओरडून विचारलं. त्यांच्याजवळ आता पुढच्या चौकातले दोन पोलीसही येऊन उभे होते.

"काय माहीत. कानडीत काहीतरी बडबडतोय."

"बडबडू दे."

ते दोघं हसले. त्यातला एक म्हणाला, "यंडु गुंडु," आणि मीसुद्धा हसले. मला हसायचं नव्हतं, पण हसले.

मलकप्पा ताडपत्रीच्या दोरीशी गेला, गाठ चाचपायला लागला.

"ए. हाथ मत लगा."

त्यानं हात काढून घेतला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. यव्वा. तिचा फोन कामाच्या वेळी कधी येत नसे. गाडी सोडून लांब जाता येईना, म्हणून मी जागेवरच पाठ फिरवून फोन कानाला लावला. यव्वाला फोनवर हळू बोलणं माहीत नव्हतं. ती या गावातून त्या गावाला हाक मारल्यासारखी बोलायची. पोरगी बाटली तोंडात धरत नव्हती, सकाळपासून अंग कोमट होतं, रडून रडून आवाज बसला होता. आणि तिच्या मागून लेकीचं रडणं ऐकू येत होतं. ते ऐकलं आणि माझा पान्हा फुटला. खाकी शर्टावर दोन डाग पडले, मोठे होत गेले. मी हातातली नोंदवही छातीशी धरली.

"हां. ठीक आहे. ठेव," मी मराठीत म्हणाले.

यव्वाला ते कळलं नाही. ती पुन्हा तेच सांगायला लागली, आता तीही रडवेली झाली होती. मी फोनवर हात धरला, मान खाली घातली आणि कुजबुजले, "बरतीनि यव्वा, बरतीनि." येते गं, येते.

फोन ठेवून वळले तर मलकप्पा दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

त्याचा चेहरा मला आजही जसाच्या तसा दिसतो. जत्रेत हरवलेल्या पोराला घरचं माणूस दिसावं, तसा झाला होता. पन्नाशीचा माणूस.

"तंगी," तो म्हणाला. धाकट्या बहिणीला आमच्यात अशी हाक मारतात.

मग तो थांबलाच नाही. तू आपलीच की गं, कुठल्या गावची, उमदीकडची का? मग म्हणाला, ते राहू दे, आधी एवढं ऐक. पिल्लं आहेत बघ आत. मला त्या झाडाखाली गाडी घेऊ दे. नाही तर त्या साहेबांना तू दोन शब्द सांग. तुझं ऐकतील. मला बोलता येईना गं, तोंड असून मुका झालोय. तू सांग.

दोन शब्द. पिल्लं आहेत. शेवाळे काका तीस पावलांवर होते. मी सांगितलं असतं तर त्यांनी गाडी तत्काळ सोडली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं. आणि मग त्यांनी विचारलं असतं, तुला कसं कळलं गं? ते दोघं आमच्याकडेच बघत होते.

"हिंदी में बोल," मी म्हणाले.

त्याला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. त्यानं परत सांगितलं, हळूहळू, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला सांगावं तसं.

"कन्नड नहीं आता मेरे को. हिंदी में बोल."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. कुणीतरी काहीतरी चुकीचं वाचतंय आणि आपण मधे बोलावं की नाही, असं वाटून माणूस बघतो, तसा. मग त्याची नजर छातीशी धरलेल्या वहीवर आली, वहीच्या कडेनं दिसणाऱ्या ओल्या खाकीवर आली, आणि त्यानं झटकन मान फिरवली.

"कूस अळाकत्तद," तो रस्त्याकडे बघत हलकेच म्हणाला. "होगी बा."

लेकरू रडतंय. जाऊन ये.

पिल्लांचं तो पुन्हा बोलला नाही. गाडीच्या मागच्या चाकाशी जाऊन उकिडवा बसला.

पंचवीस मिनिटांचा तास झाला. वायरलेस दर दहा मिनिटांनी म्हणायचा, ताफा निघतोय, आणि ताफा निघत नव्हता. चारी बाजूंनी रस्ता दोऱ्या लावून बंद केला. इंजिनं बंद झाली, हॉर्न थांबले. या चौकात इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत ताडपत्रीच्या आतून आवाज यायला लागला. चिवचिव नव्हे, वाळूचं पोतं फुटून वाळू सांडत राहावी तसा बारीक, न थांबणारा आवाज. मलकप्पानं ताडपत्रीला कान लावला होता. मीही ऐकत होते. मुठीतली चावी घामानं निसटत होती, मी ती घट्ट धरत होते.

हळूहळू तो आवाज विरळ व्हायला लागला.

मी एकदा सिग्नलच्या दिशेनं चार पावलं गेले. खरंच गेले. शेवाळे काकांनी हातानंच विचारलं, काय? मी म्हणाले, "किती वेळ अजून?" ते म्हणाले, "आला, आला." मी परत आले.

मग ताफा आला. बारा गाड्या होत्या, सगळ्या पांढऱ्या, काचा काळ्या. आम्ही ताठ होऊन सॅल्यूट ठोकले. पापणी लवायच्या आत गेल्यासुद्धा. धुरळा बसायच्या आत चौक पुन्हा हॉर्ननं भरून गेला. आता आत आवाज होता की नव्हता, ते कळायची सोय राहिली नाही.

"चल, याला मोकळा करू," शेवाळे काका मशीन घेऊन आले. "काय भरलंय यानं? खोल बे."

मलकप्पानं दोरी सोडली. ताडपत्री वर गेली तशी आतून भट्टीचं दार उघडल्यासारखी वाफ आली. भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे खोके, एकावर एक. त्यानं वरचा खोका खाली उतरवला, झाकण काढलं. पिवळी पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली होती. काहींच्या चोची उघड्या होत्या. बरीचशी तशीच पसरलेली होती.

शेवाळे काकांनी मशीन खिशात घातलं.

"अरे देवा," ते म्हणाले, अगदी हळू. मग त्या दोघा पोलिसांना हाक मारली, "इकडं या रे. खोके सावलीत घ्या, त्या झाडाखाली. रसवाल्याकडून पाणी आणा, बादलीभर आणा." ते स्वतः गाडीत चढले. निवृत्तीला आलेला माणूस, खोके पोटाशी धरून उतरवत होता. मलकप्पा एकेक पिल्लू हातात घेऊन चोच पाण्यात बुडवत होता, पंखात फुंकर घालत होता. काही पिल्लं मान हलवायची. मान हलली की तो ते दुसऱ्या खोक्यात ठेवायचा. नाही हलली की शेजारी ठेवायचा. शेजारची रांग वाढत होती. ती त्यानं मोजली नाही. मीही मोजली नाही. मी पाण्याची बादली धरून उभी होते.

"चाचा, पहले बताने का ना," शेवाळे काका त्याला म्हणाले. त्यांचा आवाज आता घरातला झाला होता. "हम क्या राक्षस है? एक बार बोलते तो छोड देता था मैं."

मलकप्पानं खोक्यातलं पुढचं पिल्लू उचललं.

काका माझ्याकडे वळले. "माळी, तू तर इथंच होतीस तासभर. तुला काहीच कळलं नाही?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते, ते मला आजही माहीत नाही.

"साब," मलकप्पा खाली बघतच म्हणाला. हातात एक पिल्लू होतं, त्याची मान त्यानं अंगठ्यानं सावरून धरली होती. "मॅडम को हमारा भाषा नै आता. मैं बोला. उनको नै समझा. उनका गलती नै."

शेवाळे काकांनी सुस्कारा सोडला. "बघ," ते मला म्हणाले, "एवढं होऊन माणूस तुझीच बाजू घेतोय."

त्यांनी पावती केली नाही. खिशातून लायसन काढून दोन्ही हातांनी त्याला दिलं, बायपासला कुठून वळायचं ते मातीत बोटानं काढून दाखवलं, रसवाल्याकडचा बर्फाचा तुकडा फडक्यात बांधून त्याच्या केबिनमध्ये ठेवला. मग सिग्नलवर कोंडी झाली म्हणून शिट्टी वाजवत निघून गेले. ते दोघंही गेले.

जिवंत पिल्लांचे खोके वर चढले. बाकीची त्यानं एका रिकाम्या खोक्यात भरली, झाकण लावलं आणि तो खोका शेजारच्या सीटवर ठेवला. का ते मला कळलं नाही. टाकून द्यायला तिथं कचराकुंडी होती.

चावी अजून माझ्याकडेच होती. मी केबिनच्या दारापाशी गेले. जवळपास कोणी नव्हतं. मी वही खाली केली होती. डाग वाळून कडक झाले होते.

"तप्पातरी अण्णा," मी म्हणाले.

चूक झाली. त्या 'री'मध्ये आमच्या बोलीतला सगळा मान येतो. चौकात उभी राहून, भर दिवसा, मी ते मोठ्यानं म्हणाले. आवाज पोटातून आला होता.

त्यानं माझ्या तळहातावरची चावी उचलली, माझ्या हाताला बोट लागू न देता. वर चढला, दार ओढून घेतलं. त्याला ऐकू गेलं होतं. त्याच्या जबड्याजवळची शीर हललेली मी पाहिली. त्यानं गाडी सुरू केली, आरसा नीट केला, आणि समोर बघत म्हणाला,

"मॅडम, थोडा बाजू होना. गाडी निकालने का है."

मी बाजूला झाले.